तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

"आपल्या गाडीला थंडी वाजतेय," असं बायकोने मला सोमवारी सकाळी सांगितलं, तेव्हा मी दाढी करत होतो. दाढी करताना बायकोच्या कुठल्याही विधानावर मत द्यायचं नाही, असा माझा नियम आहे. अर्ध्या तोंडाला फेस असलेल्या माणसाचं मत कुणी गांभीर्याने घेत नाही. म्हणून मी नुसतं "हं" म्हणालो.

"हं काय? खाली पार्किंगमध्ये मागेपुढे घ्यायचा सराव करत होते. इंजिन चालू ठेवून उभी केली की नुसती कुडकुडते. आणि गंमत सांगू? बॉनेट उघडलं की थांबते. लावलं की पुन्हा सुरू. दोनदा करून बघितलं मी."

आता मला रेझर खाली ठेवावाच लागला. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं काढली आहेत. तक्रार कशाला म्हणतात आणि कल्पनाशक्ती कशाला म्हणतात, हे मला टेबलाच्या या बाजूने नीट कळतं. नळाला पाणी नाही म्हणून लोक अर्ज करतात, आमचा माणूस जातो, नळ उघडतो आणि नेमकं त्याच वेळी पाणी येतं. मग मी अर्जदाराला कळवतो, "स्थळपाहणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय, की माझं पेन ते माझ्याशिवायही लिहू शकेल.

मी फेसासकट खाली गेलो. स्थळपाहणी केली. बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली, कान दिला. इंजिन इतकं शांत चाललं होतं की त्याच्या शेजारी बसून एखाद्याने पेपर वाचावा.

"तथ्य नाही," मी वर येऊन म्हणालो.

"अहो, बॉनेट लावून बघा ना."

"हे बघ, इंजिन तपासायचं तर बॉनेट उघडावं लागतं. बंद बॉनेटमधून इंजिन बघायला मी काय एक्स-रे मशीन आहे?"

तिने नुसतं माझ्या उरलेल्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं.

इथे शनिवारबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न शनिवारचा होता. माझी बायको वाचनालयात काम करते. मागच्या खोलीत एका लांब टेबलाशी बसून ती फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. पाठी शिवते, पानं चिकटवते, कोपरे बसवते. त्या टेबलासमोर एक खिडकी आहे. रोज सकाळी नऊ वाजता त्या खिडकीतून वाचनालयाची व्हॅन पुस्तकं भरून लांबलांबच्या शाळांकडे निघते आणि संध्याकाळी धुळीने माखून परत येते. चौदा वर्षं तिने ही व्हॅन जाताना बघितली आहे. आता व्हॅनचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता आणि वाचनालयाच्या मोठ्या बाईंनी हिला सांगितलं होतं, "सोमवारी लायसन्स दाखव, व्हॅन तुझी. नाहीतर वरच्या ऑफिसातून माणूस मागवते."

शनिवारी साडेदहाला तिची वाहन-परीक्षा होती आणि रविवारी तिचं शिकाऊ लायसन्स संपत होतं. ही तिसरी खेप. पहिल्या वेळी तिने मागे येताना एक प्लॅस्टिकचा शंकू अलगद आडवा केला. दुसऱ्या वेळी तिची काही चूक नव्हती. मी कुंपणाबाहेर उभा होतो आणि चढावर गाडी जरा मागे सरकतेय असं वाटल्यामुळे माझ्या तोंडून "क्लच!" असं निघालं. ते जरा मोठ्याने निघालं. परीक्षकांनी याला बाहेरून पुरवलेली कॉपी समजून तिला नापास केलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि घरी आल्यावर बोलली.

तेव्हा या वेळी माझ्याकडून काही होता कामा नये, असा माझा निश्चय होता. आणि मंगळवारी सकाळी, ऑफिसला जाताना, भर चौकात सिग्नलला उभा असताना आमच्या गाडीला हुडहुडी भरली. माझा चष्मा नाकावरून ओठावर आला. डबा मागच्या सीटवर आपोआप उघडला. समोरच्या पॅनेलवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू थरथरणारा मीच आहे.

मी तडक गॅरेज गाठलं. मेकॅनिक मोठा कसलेला माणूस. त्याने बॉनेट उघडलं, डोळे मिटून ऐकलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "साहेब, इंजिन एकदम गोड आहे. काही नाही यात."

मी गाडी काढली. गॅरेजच्या फाटकाशी ती गदगदा हलायला लागली. मी परत आत. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन गोड. मी पुन्हा बाहेर, पुन्हा थरथर, पुन्हा आत, पुन्हा गोड. तिसऱ्या वेळी त्याने बॉनेटला हातही लावला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

एकोणीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना ते वाक्य कळवलं, ती सगळी मंडळी त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेली. त्यातले एक आजोबा तर रिकामी बादली घेऊनच ऑफिसात आले होते. पण तरीही, हे नमूद करायला हवं, बायकोचं बॉनेटबद्दलचं म्हणणं मला आठवलं नाही. एकदा निकाली काढलेली तक्रार पुन्हा उघडायची आमच्या विभागात पद्धत नाही.

बुधवारी मेकॅनिकने पिवळ्या दिव्यावर विश्वास ठेवून यंत्र लावलं. हे यंत्र गाडीच्या संगणकाला विचारतं की बाई गं, तुला काय होतंय, आणि संगणक सांगतो. संगणकाने सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची वीज तुटते. मला मेकॅनिकने बराच वेळ समजावलं, पण पाणीपुरवठ्याच्या भाषेत सांगायचं तर प्रकार साधा आहे. इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे चार घरं. प्रत्येक घराला एक नळ, त्याचं नाव इंजेक्टर. त्यातून पेट्रोल येतं. नळ कधी उघडायचा आणि कधी मिटायचा याचा हुकूम तारेतून येतो आणि तो हुकूम संगणक सोडतो. आमच्या तिसऱ्या घराला मधूनमधून हुकूमच पोचत नव्हता. उरलेली तीन घरं तिसऱ्याचा भार ओढत होती, म्हणून गाडी हलत होती.

मेकॅनिकने तिसऱ्या घराचा नळ पहिल्याला लावला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. बॉनेट लावलं. तरीही बोंब तिसऱ्याच घराची. म्हणजे नळ चांगला होता. मग त्याने बॉनेट उघडून मीटरने तार तपासली. तार चांगली होती. म्हणजे राहिला हुकूम सोडणारा.

"संगणक गेला साहेब," तो म्हणाला. "मागवावा लागेल. तीन आठवडे."

"शनिवारी बायकोची परीक्षा आहे हो!"

"तीन सिलिंडरवर चालेल की. फक्त पिवळा दिवा लागला असला तर परीक्षेला घेत नाहीत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गुरुवारी मी अर्धी रजा टाकून वाहन कार्यालयात गेलो. दुसरी गाडी मिळवणं अवघड नव्हतं, माझा मेहुणा त्याची द्यायला तयार होता. फक्त अर्जातला गाडीचा नंबर बदलायचा होता. खिडकीमागच्या बाईंनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "अर्जातला नंबर बदलत नाही. नवा अर्ज करावा लागतो."

"मग नवा अर्ज द्या."

"त्याला चालू शिकाऊ लायसन्स लागतं. पुढची तारीख चार महिन्यांनी आहे आणि यांचं रविवारी संपतंय."

"मग काय करायचं?"

"अर्जात दिलेली गाडी आणा."

मी मनातल्या मनात या बाईंना दाद दिली. दरवाजे सगळे उघडे, पण प्रत्येक दरवाजा पुन्हा त्यांच्याच खिडकीपाशी येणारा. इतका निर्दोष नकार मी स्वतःसुद्धा क्वचितच दिला असेल. शेवटी "धन्यवाद" म्हणून निघालो तर त्या म्हणाल्या, "सूचनापेटी डाव्या हाताला आहे."

संध्याकाळी मी पार्किंगमध्ये उघड्या इंजिनापुढे उभा होतो, तेव्हा तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर आले. हे आमच्या इमारतीचे सचिवही आहेत. डॉक्टर आणि सचिव ही दोन माणसं त्यांच्यात शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

"हं. दुखणारा दात आणि दुखवणारा दात वेगळे असू शकतात. हलवून बघा. सगळे कनेक्टर एकेक काढा, साफ करा, परत लावा. पेशंट घाबरलेला असेल तर हळू."

मला ते पटलं. मी एकेक कनेक्टर काढून चष्म्याच्या फडक्याने पुसला. काढलेल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, अनुक्रमांक घातले, तारीख टाकली. अर्ध्या तासाने डॉक्टर परत आले. आता त्यांच्या हातात कागद होता.

"इमारतीच्या आवारात वाहन दुरुस्ती करण्यास मनाई आहे," ते म्हणाले. "नियम अकरा. ही नोटीस."

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत!"

"ते शेजारी म्हणून. सही इथे करा."

मी सही केली. कनेक्टर परत लावले, गाडी सुरू केली. इंजिन उत्तम चाललं. आनंदाने मी बॉनेट धाडकन लावलं आणि इंजिन थरथरू लागलं. जिन्यात बायको उभी होती. तिने हातातला परीक्षेचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, फार सावकाश, फाटकं पान ठेवतात तसा, आणि वर गेली. मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षं माणूस एका खिडकीतून बघतो आणि माझ्या एका गाडीपायी ती खिडकी तशीच राहणार, हे मला सहन होईना.

शुक्रवारी मी पूर्ण रजा काढली आणि जे टाळत होतो ते केलं. सासऱ्यांना फोन केला.

सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चाळीस वर्षं खांबांवर चढून त्यांनी तुटलेल्या तारा शोधल्या. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांना बोलवायला मी का कचरत होतो, त्याला कारण आहे. पूर्वी एकदा मी त्यांच्या घरची बेल दुरुस्त केली होती. नंतर बेल दाबली की त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा जायचा. तेव्हापासून मी त्यांच्या घरी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला की ते उठून मेन स्विच बंद करतात.

ते बसने आले. खांद्याला जुनी कॅनव्हासची पिशवी. मी पुढे होऊन बॉनेट उघडायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"थांबा जावईबापू. आधी तक्रार कुणी केली?"

"मी, बाबा," बायको म्हणाली.

"तू काय बघितलंस ते सांग. क्रमाने. घाई नाही."

तिने सांगितलं. बॉनेट लावलं की थरथर, उघडलं की थांबते, सोमवारी दोनदा करून बघितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग बॉनेट लावूनच बघायला हवं."

हे वाक्य कुणीही म्हणू शकलं असतं. मी, मेकॅनिक, डॉक्टर आणि सचिव अशा चौघांना ते पाच दिवसांत सुचलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून चार छोटे दिवे काढले. प्रत्येकाला लांब बारीक तारा. चारही इंजेक्टरच्या कनेक्टरपाशी एकेक दिवा जोडला, तारा बॉनेटच्या फटीतून बाहेर घेतल्या आणि दिवे समोरच्या काचेवर ओळीने चिकटवले. मी गाडी सुरू केली. चारही दिवे लुकलुकायला लागले. जेवढे हुकूम येत होते तेवढे ते मिचकावत होते. बघायला इतकं छान वाटत होतं की गॅलरीत दोनतीन माणसं जमली.

"आता लावा. हळू."

मी बॉनेट लावलं. गाडी शहारली आणि तिसरा दिवा विझला. उघडलं, लागला. लावलं, विझला. गॅलरीतून कुणीतरी टाळी वाजवली. बायको मात्र दिव्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी गाडीच्या टायरचं निरीक्षण करत राहिलो.

"तार दाबली जातेय," सासरे म्हणाले. "वरून धडधाकट, आत तुटलेली. मोकळी असली की टोकं टेकतात, दाबली की सुटतात. आता अर्धं अर्धं करायचं."

ही लाइनमनची रीत. दहा मैलांची तार असली तरी ते म्हणे टोकापासून शोधत जात नाहीत. मध्यावर जायचं, कुठल्या अर्ध्यात दोष आहे ते बघायचं, मग त्याचा मध्य, मग त्याचा. सासऱ्यांनी चालू इंजिनावर वाकून तारेचा पहिला अर्धा भाग हाताने दाबला. दिवा चालू. उरलेल्याचा अर्धा दाबला. दिवा चालू. आणखी पुढे. दिवा गेला.

"ही गाठ कुणाची?" ते म्हणाले.

एक बारीकशी गोष्ट मी आतापर्यंत सांगितलेली नाही, कारण ती सांगायची वेळ आली नव्हती. महिन्यापूर्वी एका रविवारी मी इंजिन झटकून पुसून स्वच्छ केलं होतं. त्यात तारांचा एक जुडगा मला फार बेशिस्त वाटला. त्याला खाली धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप आधीच मोडलेली होती. निदान मी ओढल्यावर तरी ती मोडलेली होती. तेव्हा मी तो जुडगा उचलून वरच्या पाइपाला व्यवस्थित बांधून टाकला. दोन बोटं उंच. आणि बांधला तो फायली बांधायच्या पांढऱ्या नाडीने, कारण दुसऱ्या कशाने घट्ट बांधता येतं यावर माझा विश्वास नाही. गाठ ऑफिसातली, दोन वेढे आणि वर फास. जुने कागद उंदीर खातील, पण ही गाठ सुटत नाही.

"बांधण्यात आली असावी," मी म्हणालो.

"कुणाकडून?" सासऱ्यांनी विचारलं.

"अहो, ही तुमच्या ऑफिसची नाडी आहे," बायको म्हणाली. "घरभर तीच आहे. पडद्यांनासुद्धा."

गॅलरीतले लोक आता खाली उतरून आले होते. डॉक्टरही त्यात होते. मी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि मग बायकोकडे.

"मीच बांधली," मी म्हणालो. "आणि तू सोमवारी सांगितलंस ते बरोबर होतं. शब्दन् शब्द."

हे बोलायला जितकं जड जाईल असं मला वाटलं होतं तितकं गेलं नाही. बायको आधी चकित झाली आणि मग इतकी हसली की तिला गाडीला टेकून उभं राहावं लागलं. सासरेही हसले. मग मीही हसलो. मला पहिल्यांदाच कळत होतं की तक्रार खरी निघाली की तक्रारदाराला किती आनंद होतो.

पण शोधणं वेगळं आणि जोडणं वेगळं. तारेचा तुटका तुकडा कापून दोन्ही टोकं सोलायची, पिळायची, सोल्डरचा डाग द्यायचा आणि वर प्लॅस्टिकची नळी चढवायची. सासऱ्यांनी पक्कड हातात घेतली आणि क्षणभर तशीच धरली. त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही. बेल ते विसरले नव्हते. त्यांनी ती मुलीकडे दिली.

"तू कर. पुस्तकं शिवतेस ना, तसंच."

ती म्हणाली, "बाबा, मी कधी तार जोडली नाही." ते म्हणाले, "मीही पहिल्यांदा खांबावर चढलो तेव्हा आधी कधी चढलो नव्हतो." डॉक्टर धावत जाऊन दवाखान्यातला डोक्याला बांधायचा दिवा आणि त्यांचा सगळ्यात बारीक चिमटा घेऊन आले. तिने डोक्याला दिवा बांधला आणि इंजिनात वाकली. सासरे एकेक पायरी सांगत होते. केसांएवढ्या तांब्याच्या तारा तिने बोटांनी एकमेकींत गुंफल्या, डाग दिला, नळी सरकवली. शेवटी जुडगा खाली, मूळ जागी बसवला आणि सासऱ्यांच्या पिशवीतली नवी क्लिप लावली. एकदाही हात हलला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ती पुस्तकं कशी शिवते हे मी कधी जाऊन बघितलं नव्हतं, याची मला लाज वाटली. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "वा! काय रूट कॅनाल केलंय!" आणि मग खिशातून कागद काढून म्हणाले, "नियम अकरा. दुसरी नोटीस. सही इथे."

बॉनेट लावलं. चारही दिवे लुकलुकत राहिले. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, फक्त नोटीस काखेत धरून.

शनिवारी परीक्षेच्या रांगेत आमचा चौदावा नंबर होता. अकराव्याची परीक्षा चालू होती, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पिवळा दिवा अजून लागलेलाच आहे."

माझी पाचावर धारण बसली. तार जोडली तरी संगणक जुनी तक्रार विसरला नव्हता. सोबत आलेले सासरे शांत होते. "बॅटरीची एक तार काढा. पंधरा मिनिटं. विसरेल सगळं, घड्याळसुद्धा." मी तार काढली. अकराव्यासकट अजून तीन जण होते, भरपूर वेळ होता. तेवढ्यात पुकारा झाला, "बारा! गैरहजर. तेरा! गैरहजर. चौदा!"

नऊ मिनिटं झाली होती. मी बॅटरीची तार परत घट्ट केली, बॉनेट लावलं, बायकोने किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, आम्ही तिघांनी श्वास रोखला आणि तो विझला. सगळे दिवे विझले. जीव भांड्यात पडला.

परीक्षक गाडीत बसले. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. "तुमच्या गाडीतलं घड्याळ चुकलंय."

"हो," बायको म्हणाली. "पण तेवढंच."

ते म्हणाले, "आणि स्टिअरिंग जरा थरथरतंय का?"

"नाही सर. ती मी आहे."

परीक्षकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. गाडी निघाली. सासऱ्यांनी माझा दंड धरला आणि मी माझा रुमाल घडी करून तोंडात धरला. आजूबाजूचे लोक मला दाढदुखीचा पेशंट समजले असतील. वळणं झाली. शंकूंमधून मागे येणं झालं, एकही शंकू हलला नाही. मग चढ. चढावर ती थांबली. परीक्षक काहीतरी लिहीत होते. गाडी केसभर मागे आली, निदान मला तसं वाटलं, आणि रुमालातून मी जे म्हणालो ते फक्त सासऱ्यांना ऐकू आलं. मग इंजिनाने चारही घरांतून एकदम आवाज दिला आणि गाडी सरळ वर चढून गेली.

ती कागद घेऊन आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने तो नुसता दाखवला. पास. मी तो तीनदा वाचला, सही तपासली, शिक्का तपासला. सगळं नियमात होतं. सासऱ्यांनी डोळे पुसले आणि धुळीला नावं ठेवली. मी गाडीत बसायला दार उघडलं.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "मला एकदा एकटीला जायचंय. आता शेजारी कुणी नसलं तरी चालतं ना?"

चालत होतं. सहा महिने कायद्याने मी तिच्या शेजारी बसत होतो. तो कायदा दहा मिनिटांपूर्वी संपला होता. मला तिला सतरा गोष्टी सांगायच्या होत्या. पुढचा चौक, ट्रक, डावीकडचा खड्डा. मी तोंड उघडलं आणि सासरे म्हणाले, "जावईबापू, श्वास घ्या." मी श्वास घेतला. मी दार लावलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, दिवा दाखवून वळली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही दोघं फाटकाजवळच्या बाकावर बसलो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. सासरे म्हणाले, "फोन करायचा का?" मी म्हणालो, "नको." मला माझंच आश्चर्य वाटलं. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता, आणि दोन्ही एकाच ठिकाणी, छातीत डाव्या बाजूला होत होतं. चाळीस मिनिटांनी ती आली. काचा खाली, केस विस्कटलेले, चेहरा लाल. इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातही बघितली नव्हती. लग्नात ती जरा काळजीत होती.

"कुठे गेली होतीस?" मी विचारलं.

"कुठेच नाही. पुढे."

"पुढे म्हणजे कुठे?"

"रस्ता होता तिथपर्यंत."

मी सवयीने तिच्या बाजूला गेलो, ती हलली नाही. मग दुसऱ्या बाजूला गेलो, तिथे सासरे बसलेले होते, पट्टा लावून. तेव्हा मी मागे बसलो, कॅनव्हासची पिशवी मांडीवर घेऊन. माझे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. आमच्या गाडीत मागे इतकी कमी जागा आहे, हे मला सात वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

"नीट बसलात ना?" तिने आरशातून बघत विचारलं.

आमच्या गाडीत आजवर हा प्रश्न मी विचारत आलो होतो.

"बसलो," मी म्हणालो, आणि आम्ही निघालो.